साचा आणि निरीक्षण : प्राथमिक शाळेतील चित्रकला-अध्यापनाची चिकित्सा

१. प्रस्तावना

प्राथमिक शाळेतील मुलांना ‘निसर्गचित्र काढा’ असे सांगितले, की महाराष्ट्राच्या कोणत्याही जिल्ह्यात बहुधा एकच चित्र तयार होते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून किरणे फेकत वर येणारा अर्धा सूर्य, पायथ्याशी उगम पावून खाली रुंद होत जाणारी नदी, काठावर उतरत्या छपराची झोपडी, शेजारी एक नारळाचे झाड आणि आकाशात दोन बाकदार रेघांचे पक्षी. हे चित्र बीडच्या मुलाने काढले, चंद्रपूरच्या मुलीने काढले की दापोलीच्या, हे चित्रावरून ओळखता येत नाही.

या चित्रातील पहिलीच गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे. दख्खनचे पठार लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या आडव्या थरांतून घडले आहे. त्यामुळे सह्याद्रीतील आणि त्याच्या बालाघाट, सातमाळा यांसारख्या रांगांतील असंख्य डोंगरांचे माथे सपाट असून उतार पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. सुळके आहेत, पण ते तुलनेने थोडे. अशा सपाट माथ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या शाळेतील मूल खिडकीकडे पाठ करून टोकदार डोंगर काढते. पठारावरच्या कोरडवाहू गावातील मूल नारळ काढते आणि दारातील बाभूळ, कडुनिंब किंवा चिंच त्याच्या कागदावर कधीच उतरत नाही. उन्हाळ्यात वाळवंट झालेली गावची नदी चित्रात मात्र बारमाही निळी वाहत असते.

या एकसारखेपणाचे कारण मुलांच्या कल्पनाशक्तीच्या अभावात शोधण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात प्रश्न अध्यापनाचा आहे. प्राथमिक स्तरावर चित्रकलेचे अध्यापन ‘नक्कल’ आणि ‘मुक्त अभिव्यक्ती’ या दोन टोकांमध्ये विभागले गेले असून, त्यांच्या मधली निरीक्षणाची जागा रिकामी राहिली आहे. प्रस्तुत लेखात या रिकाम्या जागेची कारणमीमांसा, बालचित्रविषयक संशोधनाच्या आधारे निरीक्षणचित्राचे समर्थन आणि शालेय प्रकल्पांच्या प्रचलित स्वरूपाची चिकित्सा केली आहे.

२. निरीक्षणचित्र : संज्ञेची व्याप्ती

निरीक्षणचित्र म्हणजे समोर असलेल्या वस्तूकडे, झाडाकडे, प्राण्याकडे किंवा जागेकडे पुनःपुन्हा पाहत काढलेले चित्र. ‘हुबेहूब चित्र’ आणि ‘निरीक्षणचित्र’ या दोन संज्ञा मराठीत अनेकदा समानार्थी वापरल्या जातात. त्यामुळे बराच गोंधळ होतो. हुबेहूबपणा हा परिणामाचा गुण आहे. निरीक्षण ही प्रक्रिया आहे. छायाचित्र समोर ठेवून घोटून काढलेले चित्र हुबेहूब असू शकते आणि त्यात निरीक्षण अगदी अल्प असू शकते. उलट आठ वर्षांच्या मुलाने शेवग्याची शेंग काढताना तिच्या अंगावरील उभ्या कडा आणि मध्येच आलेला पीळ टिपला असेल, तर प्रमाण चुकले, शेंग कागदात मावली नाही, तरीही ते उत्तम निरीक्षणचित्र होय.

येथे आणखी एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. मूल स्वतः घडवते त्या चिन्हाला ‘रूपसंकेत’ म्हणता येईल. वर्तुळाला फुटलेले हातपाय, चौकोनावर त्रिकोण ठेवून केलेले घर ही त्याची उदाहरणे. बाहेरून आलेल्या आणि जसाच्या तसा वापरल्या जाणाऱ्या आकृतीला ‘साचा’ म्हणता येईल. वर वर्णिलेले निसर्गचित्र हा साचा आहे. रूपसंकेत अनुभवाबरोबर बदलतो. साचा बदलत नाही. पहिलीतील मुलाचे आणि दहावीतील मुलाचे दोन डोंगरांचे चित्र यांत रंगकामाच्या सफाईखेरीज फारसा फरक आढळत नाही, ही बाब त्याची साक्ष देते.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुलांनी चित्र नकलेवरून न काढता वस्तूवरून काढावे, हा विचार नवा नाही. रूसोने ‘एमिल’ (१७६२) या ग्रंथात आपल्या काल्पनिक विद्यार्थ्याला चित्रकलेचा शिक्षक देण्याचे नाकारले. निसर्ग हाच त्याचा गुरू आणि प्रत्यक्ष वस्तू हाच त्याचा कित्ता असावा, अशी त्याची भूमिका होती. पेस्टालॉझीने प्रत्यक्ष संवेदनेतून होणाऱ्या आकलनाला शिक्षणाचा पाया मानले. मात्र हे आकलन वर्गात कसे घडवावे, याची पद्धत बसवताना १८०३ च्या त्याच्या पुस्तकात रेषा, कोन, चौकोन अशी मूळाक्षरे तयार झाली. वस्तू पाहण्यासाठी निघालेला विचार भूमितीच्या पाढ्यांपाशी येऊन थांबला. पुढच्या शतकात शाळांनी पेस्टालॉझीचे पाढे उचलले आणि त्यामागचे पाहणे मागे राहिले.

इंग्लंडमध्ये १८५२ पासून हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांच्या नेतृत्वाखाली साउथ केन्सिंग्टनची पद्धत आकाराला आली. तिच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात २३ टप्पे होते आणि त्यांची सुरुवात छापील बाह्यरेषांच्या काटेकोर नकलेने होत असे. उद्योगधंद्यांसाठी कुशल नक्षीकार घडवणे हा या पद्धतीचा हेतू होता. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेत १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे याच परंपरेतील अध्यापक दाखल झाले. ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या कार्याचे मोल मोठे आहे. तथापि नकलेवर आधारलेल्या शिस्तीचा ठसा शालेय चित्रकलेवरही उमटला, आणि तो येथे प्रस्तुत आहे.

कला संचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांच्या रचनेत ही वंशावळ दिसते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती व अक्षरलेखन हे एलिमेंटरीचे परिचित घटक होत. नाव ‘एलिमेंटरी’ असले तरी या परीक्षेला बसणारी मुले सामान्यतः माध्यमिक शाळेतील असतात. दहावीच्या निकालात या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून त्यांचे आकर्षण अधिक वाढले. वस्तुचित्र हा घटक तत्त्वतः निरीक्षणाचा आहे. व्यवहारात मात्र ‘वस्तुचित्राची तयारी’ म्हणजे ठरावीक घडा, ठरावीक फळ आणि ठरावीक छायेची जागा यांचा सराव होतो. परीक्षेत ठेवलेल्या घड्यावर उजेड कोणत्या बाजूने येतो, हे न पाहताच पाठ केलेली छाया डावीकडे किंवा उजवीकडे दिली जाते. अशा प्रकारे वस्तुचित्राचाही साचा होतो.

नकलेच्या या परंपरेविरुद्ध प्रतिक्रिया उमटली ती व्हिएन्नामध्ये. फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये बालकलावर्ग सुरू केला आणि मूल स्वतःच्या नियमाने चित्र काढते, ही दृष्टी रुजवली. त्याच शहरात घडलेल्या व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी अमेरिकेत ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ (१९४७) या ग्रंथातून बालचित्राच्या विकासावस्था मांडल्या आणि रंगवण्याच्या तयार पुस्तकांवर कठोर टीका केली. स्वतःच्या रीतीने पक्षी काढणारे मूल छापील पक्ष्याची नक्कल केल्यानंतर आपला पक्षी हरवून बसते, हे त्यांनी दिलेले उदाहरण जगभर उद्धृत झाले. आपल्याकडील अध्यापक-प्रशिक्षणातही लोवेनफेल्ड पोहोचले. मात्र ‘मुलावर काहीही लादू नये’ या सूत्राचा अर्थ वर्गात ‘मुलाला काहीही शिकवू नये’ असा झाला. सूचना ‘मनाने चित्र काढा’ अशी असते. मनात मात्र भिंतीवरच्या तक्त्यातील, कॅलेंडरातील आणि शेजारच्या मुलाच्या वहीतील साचाच बसलेला असतो. नक्कल शिकवणारा वर्ग आणि काहीच न शिकवणारा वर्ग हे अशा रीतीने एकाच चित्रापाशी येऊन पोहोचतात.

४. ज्ञात आणि दृश्य

मूल डोळ्यांसमोरची वस्तू न काढता आपल्याला तिच्याविषयी जे ठाऊक आहे ते काढते, हे निरीक्षण फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आंरी ल्यूके यांनी १९२७ मध्ये ‘बौद्धिक वास्तववाद’ या संज्ञेने मांडले. त्यापुढील अवस्थेला त्यांनी ‘दृश्य वास्तववाद’ म्हटले. घराची भिंत पारदर्शक करून आतली माणसे दाखवणारे किंवा बैलगाडीची दोन्ही चाके एकाच बाजूला मांडणारे मूल चुकत नाही. ते आपले ज्ञान नोंदवत असते.

नॉर्मन फ्रीमन आणि जेनिकून यांचा १९७२ मधील प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसमोर कप अशा रीतीने ठेवला, की त्याचा कान दिसत नव्हता आणि अंगावरचे फूल मात्र दिसत होते. लहान मुलांनी न दिसणारा कान काढला. आठ वर्षांच्या पुढील मुलांनी कान वगळून दिसणारे फूल काढण्याकडे कल दाखवला. या निष्कर्षावरून सातव्या-आठव्या वर्षापूर्वी निरीक्षणचित्र निरर्थक आहे, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. परंतु ॲलिसन डेव्हिस यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले, की एकाच वेळी दोन कप समोर ठेवले, एकाचा कान दिसणारा आणि दुसऱ्याचा झाकलेला, तर पाच-सहा वर्षांची अनेक मुलेही झाकलेला कान वगळतात. वस्तू तीच, मूलही त्याच वयाचे. मांडणी बदलताच पाहणे बदलले.

अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. लहान मुलाला दृश्य दिसत नाही असे नाही. ते नोंदवण्याचे कारण त्याला मिळालेले नसते. एकटा कप काढताना ‘कप’ ही जात दाखवणे पुरेसे असते आणि त्यासाठी कान आवश्यकच ठरतो. दोन कपांतील फरक दाखवायचा असेल, तर मात्र या कपाकडे पाहावे लागते. तुलना निरीक्षणाला हेतू पुरवते. ‘पान काढा’ ही सूचना साच्याला आमंत्रण देते. पिंपळाचे पान आणि वडाचे पान शेजारी ठेवून ‘दोन्ही अशी काढा की कोणते कोणाचे ते मित्राला ओळखता यावे’ ही सूचना साच्याचा मार्गच बंद करते.

गोंब्रिख यांच्या ‘आर्ट अँड इल्युजन’ (१९६०) या ग्रंथाने या चर्चेला सैद्धांतिक आधार दिला आहे. निष्पाप, कोरी नजर अशी काही वस्तू नसते; प्रत्येक चित्रकार हाती असलेल्या एखाद्या संकेतापासून आरंभ करतो आणि दृश्याशी ताडून त्याची दुरुस्ती करत जातो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. बालचित्राला हे तत्त्व लागू केले, तर नक्कल विरुद्ध अभिव्यक्ती हा वाद मागे पडतो. मुले एकमेकांकडून, चित्रकथांतून आणि इतर प्रतिमांतून सतत उसनवारी करतात, हे ब्रेंट आणि मार्जोरी विल्सन यांनी १९७७ मध्ये मांडले होते. उसनवारी अटळ आहे. उसना घेतलेला संकेत दुरुस्तीसाठी खुला राहतो की नाही, हा खरा निकष आहे. दोन डोंगरांच्या चित्राचा दोष ते उसने आहे हा नाही. शाळेच्या सहा-सात वर्षांत त्या डोंगरांना प्रत्यक्ष डोंगराशी ताडून पाहण्याची एकही संधी मुलाला मिळत नाही, हा आहे.

५. सेवाग्रामचा विसरलेला धागा

निरीक्षणाचा हा विचार परका आहे, असे म्हणण्यास आधार नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा जो आराखडा सिद्ध केला, त्यात हस्तव्यवसाय, मातृभाषा, गणित, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान यांच्याबरोबर चित्रकलेलाही स्थान होते. रूप आणि रंग यांचे निरीक्षण व भेद करण्यासाठी डोळ्याला वळण लावणे, रूपाची स्मृती विकसित करणे आणि करावयाच्या वस्तूचे कार्यचित्र काढता येणे, अशा उद्दिष्टांचा त्यात समावेश होता. चित्र हे शोभेसाठी नसून पाहण्यासाठी व करण्यासाठी आहे, ही भूमिका येथे स्पष्ट आहे.

शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत तेथे राहिले. नंदलाल यांनी छोट्या कार्डांवर आयुष्यभर अगणित रेखाटने केली. परिसराकडे रोज पाहण्याची ती सवय हाच त्यांच्या अध्यापनाचा कणा होता. देवी प्रसाद यांनी हा संस्कार नई तालीमच्या बालवर्गात आणला. त्यांचे ‘आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन’ (१९९८) हे पुस्तक त्या अनुभवातून सिद्ध झाले आहे. मुलाच्या अभिव्यक्तीविषयी आदर आणि परिसराच्या निरीक्षणाचा आग्रह या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे सेवाग्रामच्या कार्यातून दिसते. तसेच, बोर्डी व पुढे कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बिया, शंख-शिंपले, पाने-फुले ही परिसरातील सामग्री बालशिक्षणाची साधने म्हणून वापरली. हाताळणे, निवडणे, वर्गीकरण करणे या कृती निरीक्षणचित्राची पूर्वतयारीच होत.

विशेष म्हणजे हे सर्व प्रयोग महाराष्ट्राच्या भूमीवर झाले. तरीही शालेय चित्रकलेने वारसा घेतला तो परीक्षापद्धतीचा. सेवाग्राम आणि कोसबाड शिक्षणाच्या इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत टिपा लिहिण्यापुरते उरले.

६. प्रकल्प : कात्रणांची संस्कृती

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने कलाशिक्षणाला अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग मानले. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन महाराष्ट्रात २०१० पासून लागू झाले, तेव्हा उपक्रम आणि प्रकल्प यांना गुणदानात अधिकृत स्थान मिळाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कला-समन्वित अध्ययनाचा पुरस्कार केला. धोरणांच्या पातळीवर उणीव दाखवणे कठीण आहे.

अंमलबजावणीचे चित्र निराळे आहे. ‘पक्षी’ या विषयावरील प्रकल्प म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातून आणलेला छापील तक्ता, त्यातील चित्रे कापून रंगीत कागदावर चिकटवणे आणि खाली पालकांच्या वळणदार अक्षरांतील माहिती, असे त्याचे स्वरूप सर्वत्र आढळते. तक्त्यांच्या जागी पुढे संगणकावरून काढलेल्या छापील प्रती आल्या, एवढाच बदल झाला. शाळेच्या पटांगणातील साळुंकी, बुलबुल, कावळा यांच्याकडे या प्रकल्पात कोणीही पाहत नाही. साळुंकीच्या डोळ्याभोवतीचा पिवळा पट्टा तक्त्यावर असतो म्हणून मुलाला माहीत होतो. ती जमिनीवर उड्या न मारता पावले टाकत चालते, हे तक्त्यावर नसते.

‘वारली चित्र’ हा प्रकल्पही याच न्यायाने साचेबंद झाला आहे. जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांतील माणसे त्रिकोणांचीच आहेत. परंतु जाळे ओढणाऱ्याची कंबर, ओझे वाहणाऱ्याची मान आणि तारपा वाजवणाऱ्याचा बाक यांत प्रत्यक्ष पाहिलेल्या शरीराची अचूक जाण आहे. संकेत पक्का असूनही निरीक्षण जिवंत राहू शकते, याचे ते उत्तम उदाहरण ठरावे. शाळेत मात्र त्यातील त्रिकोण घेतला जातो आणि ही जाण सोडली जाते. फुलदाणीच्या कडेने एकसारखी माणसे फेर धरतात आणि प्रकल्प पूर्ण होतो.

मनुष्यबळाची स्थितीही विचारात घ्यावी लागेल. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आणि १०० पेक्षा अधिक पटसंख्या असेल तरच. पहिली ते पाचवी या, निरीक्षणाच्या सवयी घडण्याच्या वयात चित्रकला वर्गशिक्षकाकडेच असते. ‘मला स्वतःला चित्र येत नाही, मी काय शिकवणार’ ही त्या शिक्षकाची अडचण खोटी नाही. तयार तक्ता ही तिच्यावर शोधलेली वाट आहे.

७. आदर्श उदाहरणांची मर्यादा

परदेशातील दोन उदाहरणे अध्यापक-प्रशिक्षणात वारंवार दाखवली जातात. इटलीतील रेजिओ एमिलिया येथे लोरिस मालागुझ्झी यांनी उभ्या केलेल्या बालशाळांमध्ये चित्र ही मुलाची विचार करण्याची भाषा मानली जाते. चौकातील दगडी सिंहाकडे मुले जातात, त्यावर चढतात, त्याची सावली पाहतात, रेखाटतात, मातीत घडवतात आणि पुन्हा रेखाटतात. या पद्धतीतील पुनरावृत्ती अनुकरणीय आहे. मात्र तेथे प्रत्येक शाळेत कलाशिक्षित सहायक आणि स्वतंत्र कलादालन असते. हा भाग वगळून केवळ घोषवाक्ये आणली, तर हाती काही लागत नाही.

दुसरे उदाहरण ‘ऑस्टिनचे फुलपाखरू’ या नावाने प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील आयडाहो राज्यातील बॉइसी येथील एका शाळेत पहिलीतील मुलाने काढलेले फुलपाखरू सोबत्यांच्या नेमक्या सूचनांमुळे आवृत्ती-आवृत्तीगणिक कसे सुधारत गेले, हे शिक्षणतज्ज्ञ रॉन बर्गर चित्रफितीत दाखवतात. पहिले चित्र साचेबंद आहे आणि अखेरचे थक्क करणारे. चिकाटी, विशिष्ट आणि सौम्य अभिप्राय, दुरुस्तीचा आनंद हे सर्व त्यात आहे. परंतु त्या मुलासमोर फुलपाखरू नव्हते. फुलपाखराचे छायाचित्र होते. छायाचित्राने कोन ठरवून दिला, पंख स्थिर केले आणि तीन मितींचे दोन मितींत रूपांतर आधीच करून ठेवले. मूल काढते त्यातील सर्वांत अवघड निर्णय दुसऱ्यानेच घेतलेले होते. म्हणून हे उदाहरण दुरुस्तीचे आदर्श ठरते, निरीक्षणाचे नव्हे. कढीपत्त्यावर बसलेल्या फुलपाखराचे अर्धवट, उडून गेल्यामुळे अपुरे राहिलेले रेखाटन त्याच्या शेजारी ठेवले, तर दोन्हींतील भेद विद्यार्थी-शिक्षकांना सहज उमगेल.

८. वर्गातील कार्यपद्धती

निरीक्षणचित्राला खर्चिक साधने लागत नाहीत. पाटी-खडू किंवा पेन्सिल आणि पाठकोरा कागद पुरतो. आवश्यक आहे ती कृतींची योग्य क्रमवारी.

पहिली पायरी हाताळण्याची. भेंडी, शेंगदाण्याची शेंग, कुलूप, चप्पल, स्टीलचा डबा अशी वस्तू मुलाच्या हातात असावी. भेंडी आडवी कापली की पंचकोनी तारा दिसतो. तो मोजल्यावर मूल चौकोन काढत नाही. दुसरी पायरी प्रश्नांची. ‘कसे दिसते’ हा प्रश्न मोघम आहे. ‘सर्वांत रुंद कोठे आहे?’, ‘देठ मध्यभागी आहे की एका बाजूला?’, ‘काय झाकले गेले आहे?’ हे प्रश्न डोळ्याला काम देतात. वर्गशिक्षकाला उत्तम चित्र काढता येणे येथे आवश्यक नाही; उत्तम प्रश्न विचारता येणे आवश्यक आहे. फळ्यावर शिक्षकाने काढून दाखवलेले चित्र तर अपायकारकच ठरते, कारण मुले तत्काळ वस्तू सोडून फळा पाहू लागतात.

तिसरी पायरी तुलनेची. चाळीस मुलांच्या वर्गात एकच लोटा मध्यभागी ठेवला, तर सर्वांना सारखा दिसत नाही, ही अडचण मानली जाते. वस्तुतः तो धडाच आहे. डाव्या बाकावरील मुलाला तोटी दिसते, उजवीकडील मुलीला दिसत नाही. चित्रे भिंतीवर लावून ‘हे चित्र कोणत्या बाकावरून काढले?’ असे विचारले, की दृष्टिकोन ही संकल्पना कोणत्याही व्याख्येशिवाय समजते. फ्रीमन व डेव्हिस यांच्या प्रयोगांचे हे शालेय रूपच म्हणता येईल.

चौथी पायरी दुसऱ्या चित्राची. खोडरबराने चूक पुसण्याऐवजी त्याच वस्तूचे दुसरे चित्र काढावे आणि दोन्ही जपावीत. पहिले चित्र सामान्यतः साच्याचे असते. पाहणे दुसऱ्यात सुरू होते. एका तासिकेत एकच ‘पूर्ण, रंगवलेले’ चित्र हवे, हा आग्रह त्यामुळेच सोडावा लागेल.

प्रकल्पाची पुनर्रचनाही याच तत्त्वावर करता येते. भिजवलेल्या हरभऱ्याचे आठ दिवस रोज एक रेखाटन, शाळेजवळच्या एकाच पळसाचे पौषापासून ज्येष्ठापर्यंत पंधरवड्याला एक रेखाटन, ध्वजस्तंभाच्या सावलीचे तासातासाला रेखाटन असे प्रकल्प दुकानात विकत मिळत नाहीत आणि पालकांना करून देता येत नाहीत. पळस पानगळीनंतर निष्पर्ण अवस्थेत फुलतो, हे वाक्य मुलाने पाठ करण्याऐवजी त्याच्या रेखाटनांतून हाती येते. येथे चित्र विज्ञानाची नोंद ठरते आणि विज्ञान चित्राला विषय देते. कला-समन्वित अध्ययनाचा याहून सोपा अर्थ सापडणे कठीण आहे.

मूल्यमापनात ‘सुबकपणा’ या निकषाऐवजी ‘या चित्रात असे काय आहे, जे न पाहता काढता आले नसते?’ हा एकच प्रश्न पुरेसा आहे. त्याचे उत्तर मुलाने स्वतःही द्यावे.

९. संभाव्य आक्षेप

निरीक्षणाच्या आग्रहामुळे मुलाची कल्पकता दबेल, हा पहिला आक्षेप आहे. रस्किन यांनी ‘द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ (१८५७) या पुस्तकात रेखाटनाचा उद्देश निसर्गाकडे पाहायला शिकणे हा असल्याचे सांगितले. मात्र बारा-चौदा वर्षांपूर्वी मुलाला औपचारिक शिक्षण देऊ नये, असेही त्यांनी नमूद केले. हा इशारा गंभीरपणे घ्यायला हवा. यथादर्शनाचे नियम, छायाप्रकाशाची तंत्रे आठ वर्षांच्या मुलावर लादणे अयोग्यच आहे. परंतु भेंडीच्या कडा मोजणे म्हणजे यथादर्शन नव्हे. कल्पनेला सामग्री लागते आणि ती पाहण्यातूनच येते. ज्याने खेकड्याचे पाय मोजून काढले आहेत, त्याचा काल्पनिक राक्षस अधिक भीतिदायक होतो. आठवड्याच्या तासिकांपैकी काही निरीक्षणासाठी आणि काही कल्पनाचित्रासाठी ठेवल्यास कोणताच विरोध उरत नाही.

दुसरा आक्षेप असा, की सर्व मुलांना निरीक्षणचित्र जमणार नाही आणि ती निराश होतील. वस्तुस्थिती उलट आहे. लोवेनफेल्ड यांनी नऊ ते अकरा या वयात वास्तवाच्या जाणिवेचा उदय मानला. याच वयात मूल आपल्या चित्राची दृश्याशी तुलना करू लागते आणि ‘मला चित्र येत नाही’ असे जाहीर करते. त्या क्षणी त्याच्याजवळ दुरुस्तीचे कोणतेही साधन नसते. चौथी-पाचवीत ही घोषणा केलेली मुलेच पुढे ‘चित्रकला ही देणगी असते’ असे मानणारे प्रौढ होतात, आणि त्यांच्यातूनच उद्याचे वर्गशिक्षक येतात. निराशा टाळण्याचा उपाय पाहायला शिकवणे हा आहे. चित्रापासून दूर ठेवणे हा नव्हे.

१०. समारोप

निरीक्षणचित्राचा प्रश्न चित्रकलेपुरता मर्यादित नाही. शालेय विज्ञानात ‘आकृती काढून नावे द्या’ ही सूचना पाठ्यपुस्तकातील आकृतीच्या नकलेनेच पूर्ण होते. हाच विद्यार्थी महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत येतो, तेव्हा सूक्ष्मदर्शकात कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशी तिरप्या, एकमेकींवर आलेल्या, कोठे बुडबुड्यांनी झाकलेल्या दिसत असतानाही प्रात्यक्षिक वहीत विटांच्या भिंतीसारख्या समान पेशी काढतो. कित्येकदा तर मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवून घेतो. भूगोलाच्या क्षेत्रभेटीच्या अहवालात सपाट माथ्याचा डोंगर पुन्हा त्रिकोणी होतो. उच्च शिक्षणातील अध्यापक ज्या अनास्थेबद्दल तक्रार करतात, तिची मुळे पहिली ते पाचवीच्या चित्रकलेच्या तासिकेत आहेत. डोळ्यांपुढील पुराव्यापेक्षा पाठ केलेली आकृती अधिक सुरक्षित असते, हा धडा तेथेच पक्का होतो.

या दृष्टीने तीन गोष्टी तातडीने करण्याजोग्या आहेत. प्राथमिक अध्यापक-प्रशिक्षणात चित्रकौशल्याच्या परीक्षेऐवजी निरीक्षणावर प्रश्न विचारण्याचा सराव समाविष्ट व्हावा. पहिली ते पाचवीच्या प्रकल्पांत तयार चित्रे चिकटवणे बंद करून मुलाचे स्वतःचे, तारीखवार रेखाटन हाच पुरावा मानला जावा. शासकीय रेखाकला परीक्षांतील वस्तुचित्राची मांडणी अपरिचित वस्तूंची असावी, जेणेकरून पाठांतर निरुपयोगी ठरेल. यांपैकी एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. शाळेच्या खिडकीतून दिसणारा डोंगर मुलाच्या वहीत सपाट माथ्याने उतरला, तर त्या मुलाने आपला प्रदेश प्रथमच पाहिला असे म्हणता येईल. आणि शिक्षणाच्या दृष्टीने ती लहान घटना नाही.